एकशे सहासष्ट पौंड

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे आपण कौतुकाने म्हणतो खरे, परंतु त्यातल्या ‘पण’कडे कोणी पाहत नाही. मूर्ती मोठी असती तर हा ‘पण’ लागलाच नसता. धिप्पाड माणसाने पराक्रम केला की लोक म्हणतात, ‘वाटलंच होतं.’ लहान चणीच्या माणसाने तोच पराक्रम केला की म्हणतात, ‘वाटलं नव्हतं हो!’ कौतुक दोन्हींत आहे. परंतु हा दुसरा माणूस त्या पराक्रमाआधी किती वर्षे दाराबाहेर तिष्ठत उभा होता, ते त्यात कोठेच येत नाही.

सध्या हा ‘पण’ आमच्या घरी रोज रात्री पानावर येऊन बसतो. घर म्हणजे माझ्या मुलीचे, फिलाडेल्फियातले. सांगलीला हळदीच्या एका अडतीत पस्तीस वर्षे दिवाणजीचे काम करून मी निवृत्त झालो, आणि आमची ही गेल्यावर मुलीकडे राहायला आलो. नातू इथल्याच एका लहानशा कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात बरा आहे. येत्या उन्हाळ्यात पदवी मिळेल, आणि एका कंपनीने नोकरीही देऊ केली आहे. परंतु चिरंजीवांच्या मनात फुटबॉल भरला आहे. त्याला एक वर्ष फुटबॉलसाठी हवे आहे. उंची ५ फूट ८ इंच, वजन १६० पौंड.

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. इथला फुटबॉल बहुतेक हातांनीच खेळतात, आणि त्याला फुटबॉल का म्हणावे हे मला अजून कळलेले नाही. शंभर यार्ड लांब मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. एक जण मागे राहून लांबट चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. पुढे धावत जाऊन तो झेलतो, तो रिसीव्हर. आमचा नातू रिसीव्हर. झेल घेतला की समोरचे गडी त्याला आडवा करायला धावतात, आणि हे आडवे करणे कायदेशीर असते! पहिला सामना पाहिला तेव्हा मी निम्मा वेळ डोळे मिटूनच बसलो होतो.

आपल्याकडच्या मैदानी खेळांत दुबळ्याची थोडी सोय असते. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, ते ५७ किलोंच्या गटात. समोरचा मल्लही त्याच गटातला. कबड्डीतही वजनाची मर्यादा असते. इथल्या फुटबॉलमध्ये असले काही नाही. ७२ किलोंच्या पोराने झेल घेतला आणि शंभर किलोंचा गडी अंगावर आला, तर पंचाला त्यात वावगे काही दिसत नाही.

“बाबा, तो तुमचं ऐकतो,” मुलगी मला म्हणाली. “तुम्हीच सांगा ना त्याला, की आता हे वेड पुरे झालं म्हणून.”

नातू मात्र माझ्याकडे वेगळीच तक्रार घेऊन आला. “आजोबा, सगळे म्हणतात मी लहान आहे. तुम्ही हिशेबातले. मला सांगा, मी नक्की किती कमी आहे?”

प्रश्न हिशेबाचा म्हटल्यावर मला राहवले नाही. जुनी सवय! एक कोरी वही घेतली, एका पानावर ‘जमा’ लिहिले, समोरच्या पानावर ‘नावे’. नातवाने माहिती पुरवायची आणि मी नोंद करायची, असे पंधरा दिवस चालले.

जमेचे पहिले नाव आमच्या गावच्याच संघातले निघाले. डेव्होंटा स्मिथ. गल्लीतली अर्धी पोरे त्याचा ६ क्रमांकाचा हिरवा सदरा घालून फिरतात. हा अलाबामा विद्यापीठाकडून खेळे. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला हाइझमन करंडक देतात; तो २०२० च्या हंगामासाठी त्याला मिळाला. १९९१ नंतर एकाही रिसीव्हरला तो मिळालेला नव्हता. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात तर त्याने पहिल्या अर्ध्या वेळातच १२ झेल घेऊन २१५ यार्ड काढले. इतके सारे झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये इंडियानापोलिसला त्याची वैद्यकीय तपासणी झाली, आणि काट्याने सांगितले : १६६ पौंड. म्हणजे आपले ७५ किलो. उंची सहा फूट, आणि अंगावर मांस म्हणून नाही! या कामाचे गडी साधारण दोनशे पौंडांचे असतात. लगेच चर्चा सुरू झाली, की हा व्यावसायिक खेळात टिकणार कसा? पहिल्याच टकरीत मोडेल.

फिलाडेल्फियाने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी ९१६ यार्ड, दुसऱ्या वर्षी ९५ झेल आणि ११९६ यार्ड. आणि मुख्य म्हणजे त्या दोन्ही वर्षांत साखळीतल्या सतरांपैकी एकही सामना त्याने चुकवला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने ‘सुपर बोल’ जिंकला, त्यात त्याने ४६ यार्डांचा झेल घेऊन गुण मिळवले. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके उडाले. मला दिवाळीची आठवण झाली.

नातू म्हणाला, “पण तो सहा फूट उंच आहे. बुटक्यांचं लिहा.” तेही लिहिले. वेस वेल्कर, ५ फूट ९ इंच. २००४ साली ३२ संघांनी सात फेऱ्यांत अडीचशेंवर पोरे निवडली, त्यांत हा नव्हता. पुढे याच गृहस्थाने पाच हंगामांत प्रत्येकी शंभरावर झेल घेतले. ज्युलियन एडेलमन कॉलेजात रिसीव्हरसुद्धा नव्हता. २००९ साली शेवटच्या फेरीत २३२ वा निवडला गेला आणि २०१९ च्या ‘सुपर बोल’चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्टीव्ह स्मिथ, उंची वेल्करइतकीच; २००४ च्या पहिल्याच सामन्यात पाय मोडून घरी बसला, आणि २००५ साली झेल, यार्ड आणि गुण तिन्हींत पहिला आला.

जमेचे पान भरत चालले तशी नातवाची कळी खुलत गेली. पण एकच बाजू लिहिणारा दिवाणजी मालकाला बुडवतो. आता समोरचे पान.

टॅव्हॉन ऑस्टिन, ५ फूट ८ इंच. वाऱ्यासारखा पळे. २०१३ साली सेंट लुइसने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले, म्हणजे डेव्होंटा स्मिथपेक्षाही वर. परंतु झेलांतून हजार यार्ड त्याला एकाही हंगामात जमले नाहीत. टँक डेल, आमच्या नातवाच्याच मापाचा. २०२३ साली ह्यूस्टनकडून ११ सामन्यांत ७०९ यार्ड काढले. डिसेंबरात साथीदारासाठी वाट मोकळी करताना गर्दी अंगावर कोसळून पायाचे हाड मोडले. बरा होऊन परतला, तो २०२४ च्या डिसेंबरात झेल घेतानाच आपल्याच साथीदाराशी टक्कर झाली आणि गुडघा पार निकामी झाला. वेल्करचे नाव तर मला याही पानावर लिहावे लागले. २०१३ च्या नोव्हेंबरापासून पुढच्या ऑगस्टपर्यंत तीन वेळा त्याच्या मेंदूला हादरा बसला. ही नोंद करताना माझा हात थोडा थांबला. नातूही काही बोलला नाही.

आणि ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी खालच्या ओळी कोऱ्या ठेवल्या. एक-दोन नव्हे, चांगली पाच पाने.

मग या जमेच्या मंडळींचे साधले कसे? हे मात्र मला नातवाने मैदानावर नेऊन दाखवले. व्यावसायिक खेळात समोरच्या गड्याने रिसीव्हरला ढकलायचे ते पहिल्या पाच यार्डांत. त्यापुढे चेंडू येईपर्यंत अडवणे हा गुन्हा. हा नियम १९७८ सालचा. म्हणजे लहान गड्याला पाच यार्ड, पंधरा फूट, एवढाच उंबरठा ओलांडायचा असतो. पलीकडे कायदा त्याच्या बाजूचा. काहींना संघ मधल्या जागी उभे करतो, तिथे समोरचा गडी थोडा दूर असतो आणि वळायला दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात. वेल्कर आणि एडेलमन यांनी आपला संसार याच जागेवर थाटला.

आणि पलीकडे गेल्यावर हवी अचूकता. रिसीव्हरची वाट आखलेली असते : अमुक पावले सरळ, मग झटकन आत. तो वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. उंच गड्याचे पाऊल चुकले तर तो हात लांब करून वेळ मारून नेतो. लहान गड्याजवळ तो जास्तीचा हात नाही. त्याला चुकायची सोयच नाही. मला वाटते, जमेच्या पानावरची माणसे आणि नुसते वेगवान यांच्यात अंतर आहे ते एवढेच.

हळदीच्या सौद्यात पोते काट्यावर चढायच्या आधी व्यापारी त्यातले एक हळकुंड काढी, मोडी आणि आतला रंग पाही. भाव रंगावर ठरे. वजनावर फक्त बिल होई. काटा खोटा कधीच बोलत नसे, पण त्याला रंग विचारायचा नसतो. १६६ पौंड हा आकडा खराच होता. त्या आकड्यावरून डेव्होंटा स्मिथला अंगाला किती मार बसेल हे काढता आले असते. तो कोणाच्या हाती लागेल की नाही, हे त्यात नव्हते.

शेवटी निकाल देणे आले. मी म्हणालो, “हे बघ, तुझं कॉलेज अलाबामा नव्हे. तिथे पारखी आपणहून येतात, तुझ्याकडे तुला बोलवावे लागतील. दार उघडेल असं माझी वही सांगत नाही. परंतु तू लहान आहेस म्हणून ठोठावूच नकोस, असंही ती सांगत नाही. पदवी हातात घे. एक वर्ष घे, एकच. पोटात खाणं कोंबून वजन वाढवण्यात ते घालवू नकोस. आणि डोक्याला एकदा जरी मार बसला, तर खेळ तिथेच संपला. हे मला वचन दे.”

त्याने वचन दिले. मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या कंपनीला पत्र घालून वर्षभर जागा ठेवता येईल का, असे विचारायला त्याला लावले. उत्तर अजून यायचे आहे.

सध्या रोज संध्याकाळी आम्ही दोघे मागच्या अंगणात असतो. अंगणात खडूने रेघा मारल्या आहेत. तो धावतो, मी खुर्चीत बसून पावले मोजतो. सातव्या पावलाला वळायचे असते. कधी आठव्याला वळला, की मी काही न बोलता बोट वर करतो, आणि तो मुकाट्याने परत रेघेवर जाऊन उभा राहतो.