मागवाल्यांची गाडी

1989 साली आमच्या घरी मारुती 800 आली तेव्हा ती सगळ्यांना गाडी वाटली, फक्त आजोबांना ती मागवाल्यांची करामत वाटली. आजोबांचं सारं आयुष्य इंदूरच्या एका कापडगिरणीत, साचे खात्यात, म्हणजे मागांवर, गेलं होतं. जपान म्हणजे त्यांच्यासाठी आधी टोयोडाचे स्वयंचलित माग आणि नंतर बाकीचं सगळं. सुझुकी कंपनीही मुळात माग बनवणारीच, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. बाबा मायलेज आणि हप्ता यांचा हिशेब मांडत असताना आजोबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘‘हे तर आपल्यातलेच निघाले.’’

‘आपल्यातले’ हे काही गमतीनं म्हटलेलं नव्हतं. मिचिओ सुझुकी 1887 साली जपानच्या हामामात्सु भागात कापूस पिकवणाऱ्या घरात जन्मला. पोरवयात एका सुताराकडे उमेदवारीला लागला. रशिया-जपान युद्धाच्या काळात घरबांधणीची कामं आटली, तेव्हा हा सुतार माग बनवायला लागला आणि त्याच्याबरोबर मिचिओही शिकला. पहिला माग त्याने स्वतःच्या आईसाठी बनवला असं सांगतात. 1909 साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. चौकड्या आणि पट्ट्यांचं कापड विणायचं तर रंगारंगाचे धोटे बदलावे लागतात. ते बदलण्याची सोपी युक्ती त्याने मागातच बसवली आणि त्या मागांना मागणी आली. हा सगळा मुलूखच तसा. साकिची टोयोडा जवळचाच, आणि सोइचिरो होंडाही त्याच पंचक्रोशीतला.

आजोबांना या गोष्टीतला पुढचा भाग फार आवडायचा. मोटार करायची हौस मिचिओला 1937 पासूनच होती. एक ऑस्टिन सेव्हन विकत घेऊन, ती उघडून त्याने नमुनेही बनवले, पण युद्ध आलं आणि ते बारगळलं. युद्धानंतर पुन्हा माग. मग 1951 मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक उरलं नाही. दुसऱ्याच वर्षी कंपनीने सायकलला बसवायचं 36 सीसीचं छोटं इंजिन बाजारात आणलं. मिचिओचा जावई शुन्झो मासे पकडून समोरच्या वाऱ्यात सायकल मारत घरी येत असताना त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. 1954 साली नावातून माग गेला आणि मोटार आली. 1955 मध्ये सुझुलाइट ही त्यांची पहिली छोटी गाडी रस्त्यावर आली, 360 सीसीची, पुढची चाकं ओढणारी.

‘‘कापूस पडला आणि हे उभे राहिले,’’ आजोबा म्हणायचे. ‘‘कापूस पडला की आम्ही पडायचो.’’

हा फरक का पडला, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. इंदूर काही लहानसहान गिरणगाव नव्हतं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात एकोणिसाव्या शतकातच इथे स्टेट मिल सुरू झाली. हामामात्सुत मिचिओ माग जोडत होता त्याच सुमारास इथे मालवा मिल उभी राहत होती. मागून हुकूमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण. भोंग्यावर निम्म्या शहराचं घड्याळ लागायचं. पण साचे यायचे बाहेरून, बरेचसे लँकेशायरहून. आमची माणसं ते उत्तम चालवत होती. ताणा तुटला की आवाजावरून ओळखत होती. ती साचे बनवत मात्र नव्हती. ज्याने माग बनवला त्याच्याकडे ओतकाम, लेथ, कॅम, मापं आणि नकाशे होते. माग खपेनासा झाला तरी हे सगळं शिल्लक राहतं आणि उद्या इंजिनाच्या कामाला येतं. ज्याने नुसता माग चालवला, त्याचं कसब मागाबरोबर थांबतं. त्यात त्याचा काय दोष? त्याला कुणी मशीन उघडूच दिलं नव्हतं.

बाबांना असल्या विचारांत रस नव्हता. ते बँकेत होते आणि त्यांना गाडी हवी होती. मारुती मिळणं त्या दशकात सोपं नव्हतं. भारत सरकार आणि सुझुकी यांचा करार 1982 च्या ऑक्टोबरात झाला, सुझुकीचा वाटा तेव्हा 26 टक्के. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची चावी दिली. किंमत साधारण 47 हजार 500 रुपये, आणि मागणी इतकी की ज्याला नंबर लागला तो तीच गाडी वर पैसे घेऊन विकत असे. त्याला ‘ऑन’ म्हणत. बाबांनी ऑन दिला नाही, वाट पाहिली. स्टाफ लोन काढलं, कायनेटिक होंडा विकली नाही, पण तिच्या पेट्रोलवर कात्री लावली. गाडी आली ती पांढरी, एसी नसलेली. इंदूरमध्ये नवी गाडी खजराण्याच्या गणपतीला दाखवल्याशिवाय घरी नेत नाहीत. त्याप्रमाणे बॉनेटवर स्वस्तिक आणि चाकांखाली लिंबं होऊन ती रामबागेत आली. आमच्या गल्लीत फियाट वळवायला दोन माणसं मागे उभी करावी लागत. ही एका दमात वळली, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर मलापण जमेल.’’

तो उद्गार खोटा नव्हता. आमच्या ओळखीतल्या कितीतरी बायका त्याच गाडीवर शिकल्या, मीही. अँबॅसेडरचं स्टिअरिंग म्हणजे व्यायाम होता. या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात. क्लच हलका, गिअर खाली पायाशी, समोर बॉनेट नावापुरतं. आई पन्नाशीला टेकलेली असताना शिकली आणि मग बाबांना न विचारता सराफ्यात जाऊन आली. बाबा रागावले ते गाडी नेली म्हणून नव्हे, गर्दीत आरसा मिटून ठेवला नव्हता म्हणून. घरातली ही सत्ता हळूहळू सरकली, तिची कुणी नोंद केली नाही.

रविवारी महेश्वर. महू, मानपूर, गुजरी, धामनोद, मग डाव्या हाताला नर्मदेकडे. आम्ही पाच जण, डबे, पाण्याचा माठ आणि 796 सीसी. मानपूरच्या घाटात बाबा दुसऱ्या गिअरवर यायचे आणि सगळे आपोआप पुढे झुकायचे, जणू आपल्या झुकण्यानं तीन सिलिंडरना आधार मिळणार. महेश्वरला आई घाटावर जायची, आजोबा मात्र हातमागांकडे. अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांचं गाव ते. काही काळ मंदावलेलं तिथलं विणकाम सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्याच पुढाकाराने रेहवा संस्थेमुळे पुन्हा उभं राहिलं होतं. आजोबा तासभर एखाद्या विणकर बाईंच्या बाजूला उभे राहून धोट्याकडे बघत. परतताना एकदा म्हणाले, ‘‘गिरणी गेली तरी हे राहील. कारण यांचा साचा यांना स्वतःला जोडता येतो.’’

गिरण्या खरंच गेल्या. एकेक खातं, एकेक पाळी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हुकूमचंद मिल बंद पडली, बाकीच्यांची धुगधुगीही टिकली नाही. त्याच काळात शहराच्या दुसऱ्या अंगाला पिथमपूर वाढत होतं, आणि तिथे जपानी नावांची रांग लागली होती. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी हातमिळवणी करून कायनेटिक होंडा तिथेच बनवली, आमच्या घरची तीसुद्धा. आयशरने मित्सुबिशीच्या तंत्रावर ट्रक काढले. हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात इसुझूची इंजिनं तयार व्हायची. माझे काका पिथमपूरला लागले. पहाटे भोंग्याऐवजी आता कंपनीची बस हॉर्न द्यायची. पण त्या बसमध्ये आजोबांच्या खात्यातलं कुणी नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या साचेवाल्याला पिथमपूरने कशाला घ्यावं? तिथे आयटीआय झालेली पोरं हवी होती. कामांची संख्या शहराच्या हिशेबात कदाचित जुळली असेल, माणसांच्या हिशेबात नाही.

एक अपवाद होता, आमचे गाडीचे मिस्त्री. गिरणीत ते साचे दुरुस्त करणारे फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मालवा मिलच्या बाजूला एका शेडमध्ये पाने मांडले. आजोबा गाडी त्यांच्याखेरीज कुणाला हात लावू देत नसत. इंजिनाचं झाकण काढलं की दोघं वाकून बघत बसायचे. मागात फिरणारा कॅम ठरल्या क्षणी सूत वर-खाली करतो, इंजिनात तसाच कॅम ठरल्या क्षणी झडपा उघडतो. फटीचं माप चुकलं की दोन्हीकडे आवाज बदलतो. मिस्त्री फीलर गेज लावायच्या आधी कान लावायचे आणि म्हणायचे, ‘‘नानासाहेब, दूसरे नंबर का बोल रहा है.’’ बहुतेक वेळा दुसराच निघायचा. कार्बोरेटर, प्लग, पॉइंट सगळं समोर होतं, पाना लागेल असं. ही गाडी गावोगावच्या मिस्त्रींनी आपली मानली त्याचं कारण मला त्यातच दिसतं: ती उघडता येत होती.

सुझुकीचा कारभार पुढे मिचिओच्या नातजावयाकडे आला. ओसामू मात्सुदा लग्न करून सुझुकी झाला, आडनाव बायकोचं घेतलं, 1978 साली अध्यक्ष बनला आणि पुढची चार दशकं कंपनीवर त्याचीच छाप राहिली. घराण्याबाहेरून आलेल्या माणसाने घराणं सांभाळण्याची गोष्ट इंदूरच्या माणसाला नवी वाटत नाही. मल्हाररावांनंतर होळकरांचं राज्य सुनेनंच राखलं. भारतात येण्याचा निर्णय ओसामूंचा. गुडगावला साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच कँटीन, साहेबांना बंद केबिन नाही, हे तेव्हाच्या सरकारी कंपनीत नवलाचं होतं. साचे खात्यात जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पुढे उभं राहण्यात आयुष्य गेलेल्या आजोबांना ही बातमी मायलेजपेक्षा मोठी वाटली. 25 डिसेंबर 2024 ला ओसामू गेले, पुढच्याच महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं. आजोबा तेव्हा नव्हते.

गाडीच्या हलकेपणाची किंमतही होती. जानेवारी 2014 मध्ये मारुती 800 चं उत्पादन थांबलं आणि त्याच महिन्यात ग्लोबल एनकॅपने तिच्या धाकट्या बहिणीची, अल्टो 800 ची धडक-चाचणी जाहीर केली: मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य तारे. मानपूर घाटात पाच जणांना कोंबून आम्ही कशाच्या भरवशावर जात होतो, हे तो अहवाल वाचताना कळलं. त्या काळात आम्ही तो प्रश्न विचारला नाही, कारण आमच्यासमोर पर्याय स्कूटरचा होता. प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं तयार व्हायला आणि कंपनीने उत्तर द्यायला वेळ लागला. 2024 मध्ये डिझायरला त्याच संस्थेचे पाच तारे मिळाले. आमच्याकडे आता डिझायरच आहे. तिचं बॉनेट मी क्वचितच उघडते, आणि उघडून मला काही कळतही नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये सुझुकीची पहिली विजेवर धावणारी मोटार गुजरातमधल्या हंसलपूरच्या कारखान्यातून निर्यातीला निघाली. त्या गाडीत कॅम नाही, झडपा नाहीत, ऐकण्यासारखा आवाजही नाही. माग सोडून इंजिनाकडे वळलेली कंपनी आता इंजिनाकडूनही वळते आहे, आणि वळेल. तिच्याकडे भांडवल आहे, नकाशे आहेत, चुकायला सवड आहे. हुकूमचंद मिलच्या सुमारे 4,800 कामगारांना मात्र नवं काही मिळणं दूरच, जुनी थकबाकी हाती पडायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. आजही अनंत चतुर्दशीला बंद गिरण्यांच्या नावांनी झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात, रात्रभर रस्ते भरतात, आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात की या गिरण्या कुठे आहेत.

मिस्त्रींचा मुलगा वडिलांना इंजिनं उघडताना बघतच मोठा झाला. शेड आता तो चालवतो. इंदूरमध्ये ई-रिक्शांचा सुळसुळाट झाल्यापासून त्याने त्यांचे कंट्रोलर दुरुस्त करायला घेतले, आणि आता बॅटरी तपासायचं एक यंत्र त्याला घ्यायचं आहे. कर्जाचा अर्ज भरायला तो माझ्याकडे आला, बँकवाल्यांच्या घरात हे काम चालत आलेलं आहे. जामीनदार मी झाले. यंत्र चीनहून येणार. मी त्याला विचारलं की बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. तो हसला. वॉरंटी एक वर्षाची आहे, म्हणाला, तोवर स्क्रूला हात लावता येत नाही. वर्ष संपलं की पहिल्या रविवारी ते उघडून बसायचं त्याने ठरवलं आहे, आणि जमलं तर दुसरं इथेच जोडायचं.