हाडाला रक्त फुटेपर्यंत

बायपास होऊन आठ-दहा दिवस झाले की एखादा पेशंट म्हणतो, "डॉक्टर, खोकलं की छातीत कट्कन वाजतं." टाक्यांची रेघ कोरडी दिसत असली तरी हे वाक्य मी ऐकून सोडून देत नाही. छातीवर तळहात ठेवून खोकायला सांगतो. उरोस्थीचे दोन भाग सरकताना हाताला कळतात. अशा वेळी 'वरून एखादा टाका घालून बघू' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पू खाली असतो.

मी प्लास्टिक सर्जन. मला बोलावलं की आधी ऑपरेशनची नोंद मागतो: मॅमरी कुठली घेतली? छातीच्या आतून उतरणारी ही धमनी हृदयाला जोडायला उत्तम, पण उरोस्थीला रक्तही तीच देते. दोन्ही बाजूंच्या काढल्या आणि त्यात मधुमेह असला, की हाड उपाशीच. बहुधा डावी गेलेली असते. मग डावा छातीचा स्नायू उलटवून, खराब हाड काढल्यावर पडलेल्या खड्ड्यात घालता येत नाही, कारण तसं करताना त्याला जगवणाऱ्या फांद्या त्याच धमनीच्या. तो खांद्याकडच्या धमनीवर ठेवून मध्ये सरकवायचा. खालच्या टोकाला तो पुरत नाही. तिथे पोटातलं ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरची चरबीची झालर, वर ओढून घेतो.

पण हे सगळं नंतरचं. मेलेल्या हाडात अँटिबायोटिक पोचत नाही, म्हणून उरोस्थी बांधलेल्या तारा काढून हाड खरवडत जायचं, रक्ताचे बारीक थेंब फुटेपर्यंत. खरी कसोटी इथे. हृदयाचा उजवा कप्पा मागून हाडाला चिकटलेला असतो. हात जरा जड पडला तर तो फाटतो.

पूर्वी जखम उघडीच ठेवून पट्ट्या भरत. 1963 मध्ये शूमाकर आणि मँडेलबॉम यांनी नळ्यांतून अँटिबायोटिक सोडून आतून धुण्याची पद्धत मांडली. 1980 मध्ये अटलांटाच्या जुर्कीविच यांच्या चमूने स्नायूने खड्डा भरण्याचे निकाल छापले. आता मधल्या काळासाठी व्हॅक आहे: स्पंज, वर चिकट फिल्म, पाऱ्याच्या 125 मिलिमीटरइतकी ओढ. स्पंजाखाली, हृदयावर, पॅराफिन गॉजचे थर मी स्वतः घालतो. ते काम ज्युनियरवर सोपवत नाही.

नातेवाइकांना घाई असते, "कधी बंद करणार?" जखम लाल, दाणेदार झाली, कल्चर निवळलं की. पेशंटचा प्रश्न वेगळाच, "मग समोर हाडच नाही राहणार?" काहींचं राहत नाही. स्नायूवर निभावतं, उठताना कुशीवर वळायचं, हातावर जोर द्यायचा नाही, आणि स्कूटर काही महिने मुलाकडे.