राखेतून उभे राहिलेले सेंट मार्क्स

बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावरची वर्दळ कधी ओसरत नाही. पण याच रस्त्याच्या एका टोकाला, कब्बन पार्कच्या शेजारी, घुमटाचे सेंट मार्क्स कॅथीड्रल आहे. फाटकाच्या आत पाऊल टाकले की गोंगाट मागे राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येथे आलात, तर पार्कात पाने गाळलेली टॅबेबुइयाची झाडे गुलाबी फुलांनी लगडलेली दिसतील आणि चर्चमध्ये उपवासकाळ, म्हणजेच लेंट, सुरू असेल.

राखेच्या बुधवारी सुरू होणारा हा काळ रविवार सोडून चाळीस दिवसांचा. मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करण्याची जुनी रीत आहे. त्या राखेने भाविकांच्या कपाळी क्रूस रेखतात. देह मातीचा, मातीतच जायचा, याची ती आठवण. धुळवडीला होळीची राख कपाळी लावणाऱ्या आपल्या घरांना हा स्पर्श परका वाटू नये.

या वास्तूनेही राख पाहिली आहे. छावणीतल्या ब्रिटिश सैनिकांसाठी 1808 मध्ये काम सुरू होऊन 1812 मध्ये चर्च पूर्ण झाले. 1923 मध्ये आगीने त्याची दैना केली. नव्याने बांधलेले चर्च 1927 मध्ये पुन्हा उपासनेसाठी अर्पण झाले. मधल्या वर्षांत वास्तू पूर्ववत नव्हती, तरी ईस्टर दरवर्षी येतच होता.

लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल डोळ्यांपुढे ठेवून हे चर्च घडवले, असे सांगतात. योगायोग असा, की सेंट पॉल्सही 1666 च्या आगीनंतर नव्याने उभारलेले. तेथे आगीतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याच्या शिल्पाखाली एकच लॅटिन शब्द कोरला आहे : ‘रेझर्गम’, म्हणजे ‘मी पुन्हा उठेन’.

सेंट मार्क्सच्या भिंतींवर मृतांच्या स्मृतिशिला आहेत. त्या वाचताना मन जड होते. ज्यांच्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे, त्यांना पुनरुत्थानाची आशा म्हणजे केवळ सांत्वनाचे शब्द वाटू शकतात. पण लेंट कुणाला डोळे पूस म्हणत नाही. उत्तम शुक्रवारचा शोक टाळून कुणालाही ईस्टरच्या पहाटेपर्यंत पोचता येत नाही. आधी राख, मग वाट पाहणे आणि मग उजेड, असा हा क्रम आहे. दुःखाला त्याचा वेळ देणारी आशाच टिकते.

महात्मा गांधी रोड किंवा कब्बन पार्क मेट्रो स्थानकावर उतरून येथे चालत येता येते. 1947 पासून हे कॅथीड्रल चर्च ऑफ साउथ इंडियाचे आहे. उपासना चालू असेल तर छायाचित्रे काढू नका. मागच्या बाकावर शांत बसा. जाताना मुलांना पार्कातली फुले जरूर दाखवा.