दोघांच्या संसारांतील तिसरें माणूस

परदेशीं राहून आलेल्या मनुष्यास आपल्याकडे बहुधा दोन प्रश्न विचारण्यांत येतात. तिकडे थंडी किती, हा पहिला; आणि जेवणाखाण्याची व्यवस्था काय, हा दुसरा. आम्ही उभयतां सोळा वर्षें अमेरिकेंत काढून २०१२ सालीं वसईस परतलों, तेव्हां भेटावयास आलेल्या मंडळींनीं हेच प्रश्न केले व त्यांचीं उत्तरें मीं यथाशक्ति दिलीं. परंतु ज्या गोष्टीची मला तिकडे सर्वांत अधिक उणीव भासली, तिच्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या कित्येकांस ती उणीव वाटणारही नाहीं. सुखाची परमावधिच वाटेल. ती उणीव म्हणजे घरांत तिसरें माणूस नसणें.

माझें सासरचें घर वसईंतलें, जुनें, मागें विहीर आणि केळीची बाग असलेलें. लग्न होऊन मीं त्या घरांत पाऊल टाकलें तेव्हां तेथें लहानथोर मिळून अकरा माणसें होतीं. नवराबायकोंस दोन शब्द मोकळेपणानें बोलावयाचे तर त्यासाठीं दिवसभर वाट पाहावी लागे, आणि त्या वयांत मला त्याचा रागही येई. मात्र ह्यांचें व माझें कधीं बिनसलें तर तें रात्रीच्या जेवणापलीकडे टिकत नसे. पानें वाढलेलीं असतां सासूबाई सहज म्हणत, "अग, त्याला विचार, आज विरार गाडी वेळेवर होती का?" सासूबाईंना गाडीशीं कांहींएक कर्तव्य नव्हतें, त्या स्वतः वर्षांतून दोनदां गाडींत बसत. पण विचारणें मला भाग पडे, उत्तर देणें ह्यांना भाग पडे, आणि तोंडें एकदां उघडलीं म्हणजे पुढचें आपोआप होई.

१९९६ सालीं ह्यांना न्यूयॉर्क शहरीं नोकरी मिळाली व आम्हीं शेजारच्या न्यू जर्सी राज्यांत लिंडन या गांवीं दोन खोल्यांचें बिऱ्हाड केलें. हे रोज आगगाडीनें कामावर जात. दारांत लोंबकळावें लागत नाहीं अशी गाडी पाहून पहिले कांहीं दिवस ह्यांना चुकल्याचुकल्यासारखें झालें. जिन्नसांची अडचण पडली नाहीं. एडिसन गांवच्या ओक ट्री रोडवर आपल्याकडील वाणसामानाचीं दुकानें ओळीनें आहेत. पोहे, हिंग, तुरीची डाळ सर्व कांहीं मिळे. वसईचीं सुकेळीं तेवढीं तेथें मिळत नसत, तीं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर धाडीत.

दुसऱ्या हिवाळ्यांत ह्यांची नोकरी सुटली. परक्या देशांत नोकरी सुटली म्हणजे वेतन तर थांबतेंच; शिवाय तिच्या आधारावर मिळालेला राहण्याचा परवानाही डळमळूं लागतो. वसईस हें कळवावें, असें माझें म्हणणें. दुसरी नोकरी लागेपर्यंत अवाक्षर लिहूं नये, असें ह्यांचें. शब्दानें शब्द वाढला आणि अबोला सुरू झाला. तो नऊ दिवस टिकला. बाहेर बर्फ, आंत दोन खोल्या, आणि गाडी वेळेवर होती का, हें विचारावयास लावणारें कोणीही नाहीं. तिकडे थंडी किती, या प्रश्नाचें माझ्या मतें हें खरें उत्तर आहे.

त्या दिवसांत मी दुपारीं घराबाहेर पडून लगतच्या रोझेल गांवापर्यंत पायीं जात असें. ओढ होती ती डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यामुळें. कल्याणची ही मुलगी वयाच्या अठराव्या वर्षीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं, कलकत्त्याहून पतीवांचून जहाजावर चढली आणि जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरून याच रोझेल गांवीं आली. एडिसनसाहेबांनीं तारा टांगून विजेचे दिवे लावलेलें हें गांव. ते दिवे त्याच वर्षाच्या जानेवारींत लागले होते. येथील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनीं दंतवैद्याकडे बसल्या असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोशी यांचें पत्र वाचलें, आणि या अपरिचित ब्राह्मण दांपत्याशीं पत्रव्यवहार सुरू केला. पुढें त्यांनीं आनंदीबाईंस आपल्या घरीं ठेवून घेतलें. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत.

गोपाळराव पोस्टांतील नोकरीमुळें मागें राहिले. ते १८८५ सालीं अमेरिकेंत पोंचले. मधल्या काळांत त्या जोडप्याचा संसार कागदावर चालला होता. पतीचीं पत्रें कधीं धीर देणारीं, तर कधीं जिव्हारीं लागणारीं असत. आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होत्या. मांसाहार न करण्याचा नेम त्यांनीं मोडला नाहीं. थंडीनें व दुखण्यानें शरीर खचत होतें. अशा वेळीं बोचणारें पत्र हातीं पडल्यावर मन कोठें उघडावयाचें? दीर नाहीं, जाऊ नाहीं, सासू नाहीं. तेथें ही मावशी होती. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी मिळाली, त्यांत मावशीचा वाटा किती, हें मला त्या नऊ दिवसांत जितकें समजलें तितकें चरित्रें वाचून समजलें नव्हतें.

आमच्या घरचा अबोला सुटला तोही अशाच एका मावशीमुळें. आमच्या वरच्या मजल्यावर पोलंडांतून आलेली एक वृद्ध विधवा राहत असे. दहाव्या दिवशीं सकाळीं ती लोणच्याची बरणी घेऊन दारांत उभी राहिली. झांकण निघत नव्हतें. ह्यांनीं तें काढून दिलें. बाई निघून जाईल असें वाटलें, पण ती सरळ स्वयंपाकघरांत येऊन बसली आणि भर कामाच्या दिवशीं हे घरीं कसे, म्हणून तिनें मोडक्यातोडक्या इंग्रजींत विचारलें. ह्यांनीं खालीं मान घालून सर्व हकीकत सांगितली. नोकरी सुटल्याची गोष्ट ह्यांनीं माझ्याखेरीज दुसऱ्या कोणास सांगण्याचा तो पहिलाच प्रसंग. बाईनें ऐकून घेतलें, आपल्या नवऱ्याची नोकरी तीनदां सुटली होती असें सांगितलें, चहा प्याली व बरणी घेऊन गेली. दार लावून हे वळले आणि म्हणाले, "आईला पत्र लिहूंया."

पत्र दोघांच्या हातचें गेलें. तीन आठवड्यांनीं सासूबाईंचें उत्तर आलें. नोकरीविषयीं त्यांत एकच ओळ होती, मिळेल म्हणून. बाकी सारें पत्र बागेचें, शेजाऱ्यांचें, आणि शेवटीं, "दोघें समोरासमोर बसून जेवत जा." पुढें दहाव्या आठवड्यांत नोकरी लागली.

कांहीं वर्षांनीं आम्ही दोघें हडसन नदीच्या कांठानें आगगाडींतून पोकीप्सी येथें गेलों. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस क्षयाची व्यथा घेऊन स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण ती जागा संभाळणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांनीं देह ठेवला. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. गोपाळरावांनीं त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडली आणि बाईंनीं ती पोकीप्सीच्या दफनभूमींत आपल्या घराण्याच्या जागेंत ठेवली. तेथील शिळेपाशीं उभे असतां हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "गोपाळराव हट्टी खरे, पण त्यांनाही ठाऊक होतें, तिचें माणूस कोण तें." गोपाळरावांविषयीं माझें मत ह्यांच्याइतकें सौम्य नाहीं. तथापि या एका कृतींत त्यांनीं मावशीचें नातें मान्य केलें, असें मलाही वाटतें.

हें सर्व आज लिहिण्याचें कारण वेगळें आहे. वसई-विरारकडे आतां वाड्या जाऊन उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. पहांटेच्या गाडीनें दोघेंही कामास जातात, रात्रीं परततात, आणि कुलूप उघडून दोघेंच घरांत शिरतात. परदेश आतां आपल्या दाराशीं आला आहे. सासूसासऱ्यांपासून वेगळें राहिल्याबद्दल मी या मुलींना नांवें ठेवणार नाहीं. अकरा माणसांच्या घरांतला कोंडमारा मींही अनुभवला आहे. परंतु दोघांचा सारा भार दोघांनींच वाहावा, ही अपेक्षा फार मोठी आहे. घरांत नसेल तर शेजारीं, शेजारीं नसेल तर गांवांत, असें एखादें माणूस जोडून ठेवावें, ज्याला निरोप न देतां येण्याची मुभा आहे.

आणि घरोघरच्या वडील मंडळींस विनंती एवढीच कीं, मुलांच्या बिऱ्हाडीं जातांना न्याय करावयास जाऊं नये. सासूबाईंनीं आमचा न्याय कधींच केला नाहीं. चूक कोणाची, हें त्यांनीं एकदांही विचारलें नाहीं. त्या फक्त गाडीची चौकशी करीत.