आधीची आवृत्ती

कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटायच्या. एक नव्या विंडोजची. दुसरी, नाव न सांगता नुसतं ‘अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज’ म्हणणारी. आणि खाली तीसपासून उलटे सरकणारे सेकंद. सांगलीला आत्याच्या घरी सकाळचं ते अर्धं मिनिट वर्षानुवर्षं असंच सरत आलं: स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, दाराच्या कडीला फुलपुडी अडकवल्याची खुडबुड, खिडकीतून टेबलावर उतरलेली उन्हाची तिरीप, आणि पडद्यावर तो न विचारल्यासारखा विचारलेला प्रश्न. आत्या एंटर दाबायची नाही. सेकंद संपेपर्यंत केसांचा अंबाडा बांधून व्हायचा.

ती दुसरी ओळ जिची होती ती हार्ड डिस्क कॅबिनेटच्या पोटात नव्या डिस्कच्या खालीच बसवलेली होती. ८० जीबीची, हात लावला तर कोमट, कान दिला तर बारीक गुणगुणणारी. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. काम नव्या डिस्कवर चाललेलं असतानाही ती फिरत असायची. तिच्यावर विंडोज एक्सपी होतं, आणि एक्सपीच्या आधाराने आत्याचं सगळं डीटीपी: लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, भजनी मंडळांच्या पुस्तिका, वर्षश्राद्धाची कार्डं. २००५ साली कृष्णा गावात शिरली तेव्हा आत्याने आधी हा डबा माळ्यावर चढवला, धान्याचे डबे त्याच्या मागून.

“आता फोटोंना जागा पुरेना. ते जुनं विंडोज काढून टाक की गं,” ती म्हणाली. “माझ्या फायली तेवढ्या ठेव.”

काढण्याआधी एकदा मी बाणाची कळ दाबून दुसऱ्या ओळीवर गेले. पंखा घरघरला, ते ओळखीचे सूर वाजले, आणि ती टेकडी आली. हिरवी, इतकी हिरवी की डोळ्यांना ओल लागावी. वर निळं आभाळ, विरळ ढग, माणूस नाही, वाट नाही, झाड नाही. २००१च्या ऑक्टोबरात एक्सपी आलं तेव्हापासून सायबर कॅफेत, बँकेत, छापखान्यात, तालुक्याच्या कचेरीत तीच टेकडी उघडायची. आम्हा मुलांना ती पन्हाळ्याच्या वाटेवरची वाटायची. ती कॅलिफोर्नियातली, सोनोमा परगण्यातली. चार्ल्स ओ’रिअर या छायाचित्रकाराने १९९६च्या जानेवारीत जाता जाता गाडी थांबवून ती टिपली. तो मुलूख द्राक्षांचा. त्या उतारावरही बाग होती. मुळांना लागणाऱ्या किडीपायी वेली उपटाव्या लागल्या, आणि नवी लागवड होण्याआधी पावसावर तिथे नुसतं गवत माजलं. पुढे पुन्हा वेली आल्या. तासगावच्या बाजूला बाग तोडल्यावरचं उघडं रान ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जगभरच्या पडद्यांवर जे हिरवं इतकी वर्षं पसरून होतं, ज्याच्यावर आपण आपल्या फायली मांडल्या, ज्याच्याकडे बघत उद्याची कामं ठरवली, ते दोन लागवडींमधलं रान होतं.

एक रिकामा हंगाम.

परत नव्या विंडोजमध्ये येऊन त्या डिस्कवर गेले, तर आत्याचं फोल्डर उघडेना. परवानगी नाही. मालक कोण ते पाहिलं, तर तिच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हाशेजारी एक लांबलचक आकडा. एस-१-५-२१ने सुरू होणारा, १००३वर संपणारा. यंत्रणा प्रत्येक माणसाला असा आकडा देते आणि कुठला आकडा कुणाचा हे तिचं तिलाच ठाऊक असतं. दुसऱ्या यंत्रणेतून पाहिलं की नाव गळून जातं, आकडा उरतो. आत शिरायचं तर हक्क स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. मी ‘कंटिन्यू’ दाबलं. वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकू लागली, सावकाश, थबकत, आणि रात्र रात्र जागून टाइप केलेलं, मान मोडून प्रूफं तपासलेलं, गिऱ्हाइकाच्या हाकेसरशी पुन्हा दुरुस्त केलेलं ते सगळं एकेक करत माझ्या ताब्यात येऊ लागलं.

मला ते जड गेलं.

आधी वर्डमध्ये मॅटर टाइप करायचं आणि मग ते पेजमेकरमध्ये ओतायचं ही तिची पद्धत. वर्डची एक फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टोप्या घातलेले स्वर. आत्याने चष्मा लावला, वाकून पाहिलं. “हे माझं नाही,” म्हणाली.

होतं तिचंच. त्या काळच्या मराठी फॉन्टांत खाली इंग्रजी अक्षरांचेच संकेत असत आणि त्यांच्यावर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तिची बोटं अजून त्याच वळणाची आहेत: पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून, डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने, अर्ध्या ‘ग’पुढे उभी रेघ दिली की तो पुरा. अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. एक्सपीतही मंगल हा युनिकोडचा फॉन्ट होता, पण तो चालू करायला सेटिंगमध्ये खूण करून सीडी घालावी लागे, आणि पत्रिकेला हवी असायची श्रीलिपीची, आकृतीची ठसठशीत वळणं. तर मॅटर एका फोल्डरात आणि अक्षरं दुसऱ्या, एक्सपीच्या आतल्या ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरात. आत्याच्या सांगण्याप्रमाणे फायली ठेवून नुसतं विंडोज काढलं असतं, तर मजकुरातला एक ठिपकाही हलला नसता, आणि एक ओळही वाचता आली नसती.

‘फॉन्ट्स’मधले सगळे फॉन्ट मी उचलले, नव्या विंडोजमध्ये बसवले, फाइल बंद करून पुन्हा उघडली. पांढऱ्या पानाच्या माथ्यावर दोन उभ्या दंडांमध्ये ‘श्री’ उभा होता, जाड बुडाचा, वरची रेघ किंचित बाहेर आलेली. त्याच्याखाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. आत्याचं बोट काचेवर टेकलं आणि ओळीओळीने खाली उतरत गेलं. मुलीकडचे, मुलाकडचे, मुहूर्त, कार्यालय, कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. “या मामाचा मुलगा आता कॉलेजात असेल,” ती म्हणाली, आणि पुढची फाइल उघडायला सांगितली.

सगळंच राखावं असं मला वाटत नाही. वर्षश्राद्धाच्या कार्डांच्या फोल्डरात फोटो नव्हते. काम झालं की आत्या ते पुसून टाकायची, लोकांच्या घरचं दुःख आपल्या घरी कशाला म्हणायची. पण एक्सपीने ‘थम्ब्स’ नावाच्या लपलेल्या फाइलीत त्यांच्या चिमुकल्या प्रतिमा धरून ठेवल्या होत्या, ९६ ठिपक्यांच्या चौकटीत मावलेल्या. एक गांधी टोपी, एक ठसठशीत कुंकू, फेट्याखाली हसणारा कुणी. मी पाहिल्या आणि तिथेच ठेवल्या. ज्यांना तिने जायला मोकळं केलं होतं त्यांना अडवणारी मी कोण?

बाकीच्या फायली नव्या डिस्कवर उतरवल्या, मग फॉरमॅट. ते आधी होईना. नवं विंडोज बसवताना जुनी डिस्क जोडलेलीच होती, त्यामुळे नव्याच्या बूटच्या फायलीही जुन्यावर जाऊन बसलेल्या. इतकी वर्षं नवं दर सकाळी जुन्याच्या आधारानेच उठत होतं. त्या फायली नव्या डिस्कवर आणल्या, तेव्हा वाट मोकळी झाली. ‘क्विक’ फॉरमॅटने नुसती यादी कोरी होते. लिहिलेलं खाली तसंच पडून राहतं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ‘क्विक’वरची खूण मी काढली. पुऱ्या फॉरमॅटमध्ये काठापासून काठापर्यंत शून्यं लिहिली जातात. बराच वेळ लागला. कॅबिनेटवर हात ठेवून मी ती गुणगुण ऐकत राहिले. टेकडी, आकडा, टोप्या, कुंकवं, सगळ्यांवरून एकच सूर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्याने काही विचारलं नाही. अंबाडा अर्धाच बांधून झालेला असताना आत्याला खुर्चीत येऊन बसावं लागलं.

संध्याकाळी आम्ही एकेक पत्रिका युनिकोडमध्ये आणतो. यंत्राकडून बदलून घेतलं की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार हरवतो, आडनावं बिघडतात. आत्या वाचते, अडते, “सूर्यवंशी लिही, सूयवंशी नाही” म्हणते, मी दुरुस्त करते. सध्या आम्ही २००६च्या वैशाखात आहोत आणि तिथे लग्नं फार आहेत.