विंडो मिटते तेव्हा

विंडो मिनिमाइझ केली की ती कुठे गेली हे डोळ्यांना कळावं, यासाठी ॲनिमेशन असतं. जानेवारी २००० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकचं नवं रूप दाखवलं. त्यात विंडो खालून निमुळती होत डॉकमध्ये ओढली जायची. ते देखणं होतंच, पण मला त्याचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं: विंडो कुठे जाऊन बसली, हे शोधावं लागत नव्हतं.

असं ॲनिमेशन रचणाऱ्याच्या हाती वेळ फार थोडा असतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या हालचालीत जेमतेम १२ फ्रेम. एक हुकली की आधीचंच चित्र दुप्पट वेळ दिसतं आणि हालचालीला हिसका बसतो. कालावधी वाढवला म्हणून ॲनिमेशन स्मूद होत नाही. हिसके राहतातच, वर ताटकळणं वाढतं.

सगळ्यांत जास्त छळतं ते मॅक्झिमाइझ. आकार बदलला की ॲपला आपला सगळा मजकूर नव्याने मांडावा लागतो, आणि जड ॲपला ते एका फ्रेमच्या वेळात जमत नाही. अशा वेळी मी कंपोझिटरला, म्हणजे सगळ्या विंडोंची चित्रं एकत्र करून पडद्यावर मांडणाऱ्या भागाला, ॲपसाठी थांबू देत नाही. विंडोचं जुनं चित्र ताणत न्यायचं आणि नवं तयार झालं की त्यात विरघळवायचं. ताणलेली अक्षरं क्षणभर फेंगडी दिसतात. ते चालतं. अडकलेली हालचाल चालत नाही.

आता वेगाच्या चढउताराविषयी. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली. हळू सुरुवात आणि हळू शेवट हे त्यांपैकी एक. पडद्यावरच्या पात्राला ते शोभतं, कारण पात्र स्वतःच्या मनाने हलतं. विंडो हलते ती माणसाच्या हुकमाने. क्लिक झाल्यावर ती रेंगाळत निघाली तर मशीन अडखळल्यासारखं वाटतं. म्हणून मी सुरुवात झटक्यात ठेवतो आणि सगळी नजाकत शेवटच्या स्थिरावण्यात घालतो. बंद होणं उघडण्यापेक्षा आखूड ठेवतो. ज्याचं काम संपलं त्याच्याकडे कुणी पाहत बसत नाही.

याहूनही महत्त्वाचं म्हणजे मध्येच वळता येणं. विंडो अर्धी उघडली असताना माणसाने ती बंद केली, तर तिने आहे तिथून, आहे त्या वेगाने मागे फिरावं. ठरावीक कालावधीत वेग कसा बदलावा हे आधीच ठरवणाऱ्या वक्रात चालू वेगाचा हिशेबच नसतो; विंडो स्प्रिंगला बांधल्यासारखी हलवणाऱ्या समीकरणात तो असतो. माझा कल त्यामुळे स्प्रिंगकडे. उसळी मात्र नको, विंडो एकदाच येऊन थांबावी.

कीबोर्डवरून दिवसभर विंडो बदलणाऱ्याला यातलं काहीच नको असतं, आणि ते रास्त आहे. बोटांना पुढचं ठाऊक असताना डोळ्यांना वाट दाखवायची गरज नसते. काहींना तर हालचाल बाधते. २०१३ मध्ये आयओएस ७ मधल्या झूमने अनेकांना मळमळू लागलं, तेव्हा ॲपलने पुढच्या सुधारणेत हालचाल कमी करण्याच्या सेटिंगमध्ये झूमऐवजी फेड आणला. डेस्कटॉपवरही मी तेच करतो: सरकणं, फुगणं, आक्रसणं काढून टाकतो, छोटा फेड ठेवतो आणि टास्कबारवरचं त्या विंडोचं बटण क्षणभर उजळवतो.