निळ्या रेघेचं पाणी

सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना एक इंची नकाशा संगणकावर बसवताना नदीचा आधार घ्यायचा नाही. नदी सरकते. अंबरनाथची ४७ ई/४ ही शीट मी रेल्वेचे पूल आणि १०६० सालचं शिवमंदिर धरून बसवतो. घडीची शीट असली की काम वाढतं. कागदाचे तुकडे कापडावर चिकटवलेले असतात, आणि दोन तुकड्यांमधली मिलिमीटरभर फट म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. प्रत्येक तुकडा वेगळा जुळवावा लागतो. कंटाळवाणं काम खरं, पण त्यात नकाशा इंच-इंच वाचून होतो.

वाचताना मी अडतो रंगापाशी. या नकाशांत बारमाही पाणी निळं, कोरडं पडणारं पात्र काळं. सह्याद्रीतून कोकणात उतरणारे बहुतेक ओढे काळे. दिवाळी झाली की संपले. उल्हास मात्र ऐन मे महिन्यातही वाहती. तिच्या खोऱ्यातल्या समोच्च रेषा कितीही चाळल्या तरी याचं उत्तर मिळत नाही, कारण ते घाटमाथ्यापलीकडे आहे. मावळात आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं. १९२२ पासून त्याचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून झाली की उल्हासला मिळतं. भीमेमार्गे बंगालच्या उपसागराला जायचं ते अरबी समुद्राकडे वळलं, आणि वाटेत त्याच्या भरवशावर कारखाने उभे राहिले, गावोगावचे नळ चालले.

वालधुनीचं उलटं. अंबरनाथच्या डोंगरातून निघून त्या शिवमंदिराला खेटून कल्याणच्या खाडीकडे जाणारी ही लहानशी नदी. तिच्या काठच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं. वर अंबरनाथला औद्योगिक वसाहत. आता ती उन्हाळ्यातही वाहते, सांडपाण्यावर. म्हणजे नियमाने तिला निळंच रंगवायचं, प्रत्यक्षात पाणी काळं असो की लाल! सर्वेक्षकाला पाणी आहे की नाही एवढंच विचारलेलं असतं. कसलं, ते चिन्हसूचीत नाही.

म्हणून नद्यांच्या तक्त्यात मी एक जादा रकाना ठेवतो : ‘पाणी कुठून’. उल्हासपुढे ‘आंध्रा, भिवपुरीमार्गे’. वालधुनीपुढे ‘कारखाने, गटारं’. नकाशा मागवणाऱ्या साहेबांना तो नको असतो, काढून द्या म्हणतात. मी तो बंद करून देतो, पण फाइलीतून काढत नाही.